बीटलला पुढे पाच बोल्ट, मागे चार: पुढचे हब बदलावेत का?

पेडण्याचा_बीटल

नमस्कार मंडळी. गाडी १९६१ ची फोक्सवॅगन बीटल. आजोबांनी गोवा मुक्तीच्या आधी काही महिने घेतली, पुढे गोव्याचा जीडीए नंबर पडला, आणि अजून घरातच आहे. नव्वदच्या सुमारास गिअरबॉक्स गेला तेव्हा बाबांनी सत्तरनंतरच्या एका बीटलचा गिअरबॉक्स ॲक्सल-ड्रमसकट बसवला. तेव्हापासून मागे चार बोल्ट आणि पुढे मूळचे पाच. म्हणजे दोन स्टेपन्या ठेवायच्या, एक पुढच्या डिकीत, दुसरी मागच्या सीटवर.

गेल्या महिन्यात बेळगावहून येताना मागे आई आणि मावशी बसायच्या होत्या, म्हणून सीटवरची स्टेपनी घरीच ठेवली. चोर्ला घाट उतरताना पंक्चर झालं ते नेमकं पुढचं चाक, आणि डिकीत होती चार बोल्टची. सात वाजल्यापासून अकरापर्यंत दोघी त्या काळोखात गाडीत बसून होत्या, भाऊ पेडण्याहून चाक घेऊन येईपर्यंत. मावशी काही बोलली नाही, पण मला ते फार लागलं.

पाच बोल्टच्या रिमांचीही दैना आहे. आमचं घर दर्यापासून लांब नाही. खाऱ्या हवेनं टायर बसतो ती कड इतकी खाल्ली आहे की गंज नखानं पापुद्र्यासारखा निघतो. चार बोल्टची चांगली रिमं माझ्याकडे पाच आहेत. म्हणून पुढेही चार बोल्ट करायचे ठरवलं. म्हापशाचा एक टर्नर म्हणतो, आहे त्या ड्रमला नवीन भोकं मारून आटे पाडून देतो, एका दिवसाचं काम. दुसरा म्हणतो, ड्रम आणि रिमच्या मध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती बसवू. मोजलं ते असं: पुढे शेजारच्या दोन बोल्टमध्ये केंद्रापासून केंद्रापर्यंत १२०.५ मिमी, मागे समोरासमोर १३०. काय करू?

लेथ_डिचोली

बाब, माप बरोबर आहे. पाच बोल्ट असले की शेजारचं अंतर गुणिले १.७०१ म्हणजे पीसीडी, सगळ्या बोल्टांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. तुमचं २०५ येतं. चार बोल्टला समोरासमोरचं अंतर तेच पीसीडी. म्हणजे ५ × २०५ वरून ४ × १३० वर यायचं आहे.

तीस वर्षं लेथवर आहे म्हणून सांगतो, ड्रमला भोकं मारू देऊ नका. ड्रम काढून पालथा घाला आणि मागून हात फिरवा. २०५ च्या वर्तुळावर प्रत्येक बोल्टमागे बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड उंचवटा लागेल, आटे त्यात धरतात. १३० च्या वर्तुळावर ती जाडीच नाही. चार बोल्टच्या बीटलला बोल्ट १४ मिमी, दीड पिच, म्हणजे दोन आट्यांत दीड मिमी. असा बोल्ट बिडात निदान त्याच्या व्यासाइतका खोल धरला पाहिजे, जास्त असला तर बरं. पातळ बिडात पाडलेले आटे पहिल्या दिवशी घट्ट लागतात आणि घाटात ब्रेक मारताना उतरतात. जुनी भोकं वेल्डिंगनं बुजवून देतो असं कुणी म्हणालं तर ड्रम उचला आणि घरी या. बीड तापलं की वेल्डच्या शेजारी बारीक चीर जाते, डोळ्यांना दिसत नाही.

चकतीचं म्हणाल तर चांगल्या धातूची, नीट मशिनिंग केलेली चालते, मी स्वतः जीपला केली आहे. पण २५ मिमी जाडीची चकती म्हणजे चाक तेवढंच बाहेर. स्टिअरिंग जड होणार, खड्ड्यात हिसका जास्त बसणार, बेअरिंगवरचा भार वाढणार. वळताना टायर मडगार्डला लागतो का ते गाडीत चार माणसं बसवूनच बघावं लागेल. आणि तुमची पुढची बेअरिंगं जुन्या पद्धतीची बॉलची असणार. टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरांची बेअरिंगं, बीटलला १९६६ च्या मॉडेलपासून आली.

शिरोड्याची_६४

दादा, माझ्याकडे १९६४ ची आहे. मी तीन वर्षांपूर्वी लिंक-पिनच्या (आपल्या जुन्या पद्धतीच्या पुढच्या सस्पेन्शनच्या) स्पिंडलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या खुंटावर, बसणारा डिस्क ब्रेकचा संच लावला. त्यातला हब, म्हणजे चाक ज्याला बोल्टनं लागतं तो मधला भाग, चार बोल्टचा, १३० चाच मिळतो. जुन्या ड्रमला हात लावायचा नाही, हब-ड्रम एकच तुकडा असतो तो उतरवायचा आणि त्याच्या जागी नवा हब, नवी टेपर बेअरिंगं. तुम्हाला हवं ते हेच आहे असं मला वाटतं, शिवाय ब्रेक सुधारतो ते वेगळं.

तीन गोष्टींवर माझा वेळ गेला, त्या तुम्हाला आधीच सांगते.

डाव्या स्पिंडलचे आटे उलटे असतात. हे माहीत नसेल तर माणूस नट सोडवतो म्हणून आवळतच बसतो. आमच्या गॅरेजमधल्या पोरानं पान्याला पाइप घालून जोर लावला होता. मी वेळेवर पोचले.

ज्या चाकातून स्पीडोमीटरची केबल निघते त्या हबच्या टोपीला मध्ये चौकोनी भोक लागतं. संचात दोन्ही टोप्या बंद आल्या तर काटा हलणार नाही. मागवण्याआधी विचारा.

तिसरी मोठी. तुमचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) मूळचा असेल तर त्यातल्या एका झडपेमुळे लाइनीत थोडा दाब कायम राहतो. ड्रमला तो लागतो. डिस्कला नको, पॅड घासत राहतात आणि चाक तापतं. माझं फोंड्यापर्यंत जाईतो हात लावता येईना इतकं तापलं होतं. मास्टर सिलिंडर डिस्कसाठीचा आणि दोन सर्किटचा घ्या. जुन्या गाडीत एक पाइप फुटला की चारही ब्रेक जातात. नुसत्या बोल्टसाठी गाडी उघडताय तर हेही करून घ्या, मागाहून होत नाही.

घाटमाथा

मागचा गिअरबॉक्स नवा आहेच, तर पुढचा आख्खा बीमही (पुढचं सस्पेन्शन ज्यावर असतं तो आडवा सांगाडा) सत्तरच्या गाडीचा घातला की प्रश्न मिटला ना?

शिरोड्याची_६४

नाही बसत. लिंक-पिनच्या बीममधल्या दोन नळ्यांचं अंतर आणि नंतरच्या गाड्यांच्या बॉल-जॉइंट बीममधलं अंतर वेगळं. चॅसिसचं पुढचं डोकं कापून दुसरं वेल्ड करावं लागतं. २०२१ च्या विंटेज नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीच्या चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. हब आणि ब्रेक परत मूळचे लावता येतात, कापलेलं चॅसिस नाही. एकसष्टची गोव्यातली गाडी आहे, दादा, तिचं डोकं कापू नका.

पेडण्याचा_बीटल

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून संच मागवला, चौकोनी भोकाची टोपी आधी विचारून. ड्रम उतरवून पालथा घातला आणि लेथवाल्या बाबांनी सांगितलं तसा हात फिरवला. उंचवटे बोटांना स्पष्ट लागले. मधे नुसता पातळ पत्रा वाटावा असं बीड.

पण आतलं बघून झोप उडाली. उजव्या स्पिंडलवर आतल्या बेअरिंगची रिंग घट्ट बसायला हवी, ती हातानं गरगर फिरत होती. खालच्या बाजूला निळसर, खरवडलेला पट्टा पडला आहे, नख अडकतं त्यात. म्हणजे रिंग किती दिवस स्पिंडलवरच फिरत होती कुणास ठाऊक. आता हे स्पिंडल चालेल का? टर्नर म्हणतो, पंच मारून खडबडीत करतो, रिंग धरेल.

लेथ_डिचोली

पंच मारलेलं चार दिवस धरतं, मग उंचवटे झिजून पुन्हा ढिलं. चाक ज्यावर उभं आहे ती वस्तू आहे ती. चांगलं स्पिंडल शोधा, नसेल मिळत तोवर गाडी उभी ठेवा. आणि दोन्ही बाजूंची बैठक मायक्रोमीटरनं मोजून घ्या, डोळ्यानं नको. डिचोलीला या, मी मोजून देतो.

पेडण्याचा_बीटल

उशीर झाला, पाऊस मध्ये आला. स्पिंडल कोल्हापूरच्या एका जुन्या गाडीवाल्याकडे मिळालं. बाब, तुमच्याकडे येऊन मोजलं ते बरं झालं. डावं ठीक निघालं, उजवं बदललं.

बेअरिंग लावताना चाक फिरवत फिरवत नट आवळला, मग सैल करत आणला, आतला वॉशर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं नुसत्या बोटांच्या जोरावर सरकेल इथपर्यंत. मग लॉकची पट्टी दुमडली. बोल्ट १३० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्यानं आवळले, समोरासमोरचे. ताईंनी नव्हतं सांगितलं पण कुणी करणार असेल तर बघा: फोक्सवॅगनच्या मूळ रिमांना गोल बैठकीचा बोल्ट लागतो. दुकानात मला शंकूच्या बैठकीचे दिले होते. तेही आटे घेतात, पण रिमला फक्त एका बारीक कडेवर टेकतात. परत केले.

शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावला, उजवीकडचे दोन बोल्ट किंचित फिरले. पुढच्या शंभराला एकही नाही. डिस्क गार आहेत, मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा बसवला. स्पीडोमीटरही चालतो. जुने ड्रम ग्रीस चोपडून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत, वर आजोबांचं नाव लिहून.

रविवारी आई आणि मावशीला घेऊन चोर्ल्यानं बेळगावला जाऊन आलो. स्टेपनी एकच, डिकीत. निघण्याआधी अंगणात जॅक लावून ती चारही कोपऱ्यांवर बसवून बघितली. मावशी व्हरांड्यात खुर्ची टाकून चौथं चाक होईपर्यंत बघत बसली होती.