गल्लीचा रस्ता नव्याने होणार आहे. लोकांना नेमकं काय विचारायचं आणि कसं?

पिको_फॉल (लातूर जिल्हा)
नमस्कार. आमच्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता नव्याने करायलेत. काम मंजूर आहे, गुत्तेदार अजून आलेला नाही. नगरसेवक म्हणाले, रविवारी मंदिरात बैठक घेऊ, सगळ्यांनी आपलं म्हणणं मांडा. बरं वाटलं. पण मागच्या बैठकीत सतरंजीवर पुढं बसलेली चार माणसं बोलली आणि बाकीच्यांनी रजिस्टरवर सह्या केल्या. त्याच वेळी नळ आले होते, त्यामुळं एकही बाई आली नाही.

आमचं खरं दुखणं आहे रस्त्याच्या उंचीचं. दर वेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर टाकतात. सासऱ्यांच्या काळात आमच्या घरात जायला तीन पायऱ्या होत्या, आता एकच राहिलीय. माझ्या दुकानाशेजारच्या आजींच्या घरात तर रस्त्यावरून खाली उतरून जावं लागतं. मोठा पाऊस आला की त्या उंबऱ्याला मातीची पोती लावतात, फटीत जुनी लुगडी कोंबतात, तरी नालीचं पाणी देवघरापर्यंत जातं. गुडघ्यामुळं त्यांना चालवत नाही, म्हणजे त्या बैठकीला येणार नाहीत. भाडेकरू "आमचं काय, उद्या दुसरीकडं जाऊ" म्हणून गप्प बसतात.

त्यात अर्ध्या लोकांना रस्ता रुंद पाहिजे आणि उरलेल्यांचे ओटे त्यात जायलेत. समोरासमोरच्या दोन घरांत आत्ताच बोलणं बंद झालंय. सगळ्यांचं म्हणणं येईल, असं विचारायचं कसं? कुणी केलंय का?

निवृत्त_ओव्हरसियर (नांदेड)
ताई, "रस्ता कसा पाहिजे" विचारलं तर "चांगला पाहिजे" एवढंच उत्तर येतं. आधी कामाचं अंदाजपत्रक (एस्टिमेट) बघा. जेईंकडं (कनिष्ठ अभियंत्याकडं) तोंडी मागा, नाहीच दाखवलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. त्याला 30 दिवसांपर्यंत लागतात, म्हणून आजच टाका.

त्यात जुनं काँक्रीट फोडून उचलण्याची बाब आहे का आणि तयार रस्त्याची पातळी किती धरलीय, हे बघा. फोडण्याची बाब नसेल तर गुत्तेदार फोडणार नाही, कारण त्याला त्याचं बिल निघत नाही. मग बैठकीत कितीही बोला, थरावर थरच येणार. वर्क ऑर्डर निघाली का? निघाली असली तरी बदल होतो, पण सुधारित मंजुरीत वेळ जातो.

पातळी कळली की ती लोकांना भिंतीवर दाखवा. लेव्हल बघायला गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्यानं भरा आणि प्रत्येक दाराशी खडूनं रेघ मारा. रेघ उंबऱ्याच्या वर गेली की कधी न बोलणारा माणूसही बोलतो. आजींच्या दारापासूनच सुरुवात करा.

आणि आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसतं काँक्रीट ओतलं तर तडकणारच. खाली मुरूम दाबून घातला पाहिजे. नळाचे पाइप आणि नाली आधी, काँक्रीट नंतर, हे लेखी घ्या.

उमरग्याची_सून
1993 च्या भूकंपानंतर ज्या गावांत घरं दुरुस्त करायची होती, तिथं महिला मंडळातल्या बायकांना संवाद सहायक नेमलं होतं. माझ्या सासूबाई त्यात होत्या. घरोघर जाऊन दुरुस्ती समजावायची आणि लोकांची अडचण इंजिनियरपर्यंत न्यायची, हे त्यांचं काम. त्या अजून सांगतात, चावडीवर तोंड न उघडणारी बाई आपल्या चुलीपाशी सगळं सांगती. तेव्हा ताई, तुम्ही दारोदार जा. भाडेकरूंशी बोलताना घरमालक जवळ नको.

ओट्याचं हलक्यात घेऊ नका. आमच्याकडं नवीन जागी वसवलेल्या गावांत रस्ते सरळ, रुंद आखले, पण जुन्या गल्लीतला शेजार विखुरला. म्हाताऱ्या माणसांना त्याची खंत अजून आहे. ओटा गेला तर संध्याकाळी बायका बसणार कुठं, हे नकाशावर दिसत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल.

परभणीकर_दुकानदार
काम चालू असतानाचंही विचारा, ते सगळे विसरतात. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात. तेवढ्यात कुणाचं लग्न आहे, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, गाड्या कुठं लावायच्या? काम एप्रिल-मेमध्ये निघालं तर क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी कुठून आणणार, हेही गुत्तेदाराला सगळ्यांसमोर विचारा. आमच्या बाजारात दोन दिवस पाणी मारलं आणि सोडून दिलं. वरची पूड आता दुकानभर उडते.

पिको_फॉल
सगळ्यांचे आभार. वर्क ऑर्डर अजून निघालेली नाही, म्हणजे वेळ आहे. अर्ज उद्याच देते. रविवारची बैठक मंदिराऐवजी गल्लीतच आणि नळ येऊन गेल्यावर घ्या, असं नगरसेवकांना सांगितलं, ते हो म्हणाले. जेईंनाही बोलावलंय. त्याआधी शेजारची सून आणि मी घरोघर जाणार आहोत.

ओव्हरसियर काका, ओट्याचं एक विचारायचंय. खालच्या टोकाला गल्ली इतकी चिंचोळी आहे की टँकर उलटाच आत घ्यावा लागतो. ओटे अख्खे न पाडता तेवढ्यात भागतं का? दोन्ही बाजूंचं माप घेऊन इथं टाकते, तुम्ही बघून सांगा.