मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना: टाइप 1 मधुमेह, वय 16

रेवाची_आई

मुलगी 16 वर्षांची आहे. सातव्या वर्षापासून टाइप 1 मधुमेह, शिवाय थायरॉइडची गोळी. दिवसाला चार इंजेक्शनं, एक बेसल (दिवसभर मंद काम करणारं इन्सुलिन) आणि तीन जेवणाआधीची. आमचा बालरोग विभाग 18 पूर्ण झाले की मोठ्यांच्या विभागात पाठवतो. शुगरच्या नोंदी, इन्सुलिन आणून ठेवणं, तारखा लक्षात ठेवणं हे सगळं अजून माझ्याकडेच आहे. डोस ती स्वतः घेते, पण किती घ्यायचा ते बरेचदा मला विचारून.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कामं तिच्याकडे कोणत्या क्रमाने सोपवायची? नव्या डॉक्टरांच्या हातात नेमके कोणते कागद द्यायचे? आणि या बदलात मुलांची तब्येत बिघडते असं सगळे सांगतात, ती नक्की कुठे बिघडते?

किशोर_ओपीडी

दोन वर्षं पुरेशी आहेत, पण सुरुवात आत्ताच करा. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची 2016 ची मार्गदर्शिका तयारी 13-14 व्या वर्षी सुरू करायला सांगते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला तर 12 व्या वर्षापासूनच हा विषय काढा असा आहे. फाइल एका दिवसात दुसरीकडे जाते. इन्सुलिन संपत आलंय हे आपलं आपण लक्षात ठेवायची सवय लागायला मात्र बरेच महिने लागतात.

आधी तुम्ही करता त्या सगळ्या कामांची यादी करा, अगदी सुया मोजण्यापर्यंत. प्रत्येक काम तीन टप्प्यांतून जाऊ द्या: तुम्ही करता आणि ती बघते, ती करते आणि तुम्ही बघता, ती करते आणि अडलं तरच विचारते. एका वेळी एकच काम. ते तिसऱ्या टप्प्यात महिनाभर नीट चाललं की पुढचं घ्या.

साठ्यापासून सुरुवात करा. त्यातली चूक सावकाश दिसते आणि सुधारायला वेळ मिळतो. चालू इन्सुलिन पेनखेरीज निदान दोन आठवड्यांचं इन्सुलिन, स्ट्रिप आणि सुया घरात असायलाच हव्यात. उघडलेलं पेन फ्रिजबाहेर साधारण 28 दिवस चालतं (प्रकारानुसार कमीजास्त, आतला कागद वाचायचा), म्हणून उघडल्याची तारीख पेनवरच लिहायची. अपॉइंटमेंट घेणं आणि बदलणं हे दुसरं. यात फोनवर स्वतः बोलणं आलं, आणि बहुतेक मुलं इथेच अडतात. मग डोसचा हिशेब. ती तुम्हाला विचारते तेव्हा आकडा सांगू नका, "तुला किती वाटतं आणि का?" एवढंच विचारा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास दूर. हे तिला कारणासकट माहीत हवं, नाहीतर सगळ्या गोळ्या एकत्र घेतल्या जातात आणि थायरॉइडचे आकडे विनाकारण बिघडतात.

आजारपणातले निर्णय सगळ्यात शेवटी सोपवायचे, पण नियम आजच पाठ हवेत. ताप असो, उलटी असो, खाणं पूर्ण बंद असो, बेसल इन्सुलिन थांबवायचं नाही. दर 2 ते 4 तासांनी शुगर आणि जोडीला कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारी आम्लं) बघायचे. रक्तातले कीटोन 0.6 मिलिमोल/लिटरच्या खाली असले तर ठीक, 1.5 च्या वर गेले की डॉक्टरांना फोन, 3 किंवा जास्त असले किंवा उलट्या थांबत नसल्या तर थेट रुग्णालय. शुगर 70 (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली गेली तर 15 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. हे तिने न अडखळता सांगितलं पाहिजे, आणि तिच्यासोबत राहणाऱ्या एका तरी माणसालाही यायला हवं.

आईवडील "आता तू मोठी झालीस" म्हणून एका दिवसात सगळं सोडून देतात, आणि नेमकं तेव्हाच जेवणाआधीचे डोस चुकायला लागतात. काम तिचं झालं तरी आठवड्यातून एकदा नोंदी सोबत बसून बघणं चालूच ठेवा. वर्षानुवर्षं ठेवलंत तरी काही बिघडत नाही.

प्रौढ_मधुमेह_विभाग

पलीकडच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे फाइल बहुधा दोनपैकी एका रूपात येते: चारशे पानांचा गठ्ठा, नाहीतर "पुढील उपचारांसाठी पाठवत आहे" अशी एक ओळ. दोन्हींतून पहिल्या भेटीत काही कळत नाही. एका पानाचा सारांश लागतो, तो मुलीसोबत बसून लिहिलेला असावा आणि तिच्या फोनमध्येही असावा.

सर्वात वर, ठळक अक्षरांत "टाइप 1" आणि निदानाचं वर्ष. त्याखाली अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइडचे रिपोर्ट (टाइप 1 च आहे हे पक्कं करणाऱ्या चाचण्या), केले असतील तर. मोठ्यांच्या वॉर्डात दाखल होणारे बहुतेक मधुमेही टाइप 2 चे असतात, त्यामुळे ऑपरेशनआधी उपाशी ठेवलं की इन्सुलिनही थांबवायचं, अशी तिथल्या हातांना सवय असते. टाइप 1 मध्ये त्याने काही तासांत कीटोन चढतात. "उपाशी असली तरी बेसल बंद करू नये" ही ओळ त्या पानावर लिहाच.

मग आत्ताचे डोस, किती ग्रॅम कार्बोहायड्रेटला एक युनिट, एक युनिटने शुगर किती उतरते ते. गेल्या दोन वर्षांतले एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) तारखांसह. कीटोअ‍ॅसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं) किंवा बेशुद्ध होण्याइतकी लो शुगर कधी झाली होती का. डोळ्यांची, लघवीतल्या अल्ब्युमिनची, रक्तदाबाची शेवटची तपासणी केव्हा झाली आणि पुढची केव्हा. लसी, अ‍ॅलर्जी. आणि फॉर्मवर कधीच नसणारी एक गोष्ट: तिला काय जमतं, कशाची भीती वाटते, कुठला उपाय आधी करून फसला. ती ओळ मी आधी वाचतो.

तब्येत बिघडते ती दोन भेटींच्या मधल्या पोकळीत. शेवटची बालरोग भेट होऊन जाते, नवी तारीख "कळवू" म्हणतात, सहा महिने निघून जातात. औषधाच्या चिठ्ठीची मुदत संपते, मग इन्सुलिन पुरवून पुरवून वापरलं जातं. यावर उपाय एकच. नव्या विभागातली तारीख हातात आल्याशिवाय जुन्या विभागातली शेवटची भेट शेवटची मानायची नाही. ती तारीख शक्यतो तीन महिन्यांच्या आत हवी, चिठ्ठी त्यापुढे किमान महिनाभर पुरेल अशी हवी, आणि मधल्या दिवसांत फोन कोणाला करायचा ते नावानिशी लिहून घ्या. नाइसच्या मार्गदर्शिकेत बदलाआधी 6 महिने आणि नंतर 6 महिने एकच ओळखीचा माणूस जोडलेला असावा असं म्हटलंय. परिचारिका, समुपदेशक, कोणीही चालेल. असा माणूस कोण, हे विभागाला आत्ताच विचारा.

आणखी एक, जे फार कमी घरांना सांगितलं जातं. वयात येताना इन्सुलिनला प्रतिरोध वाढतो, दिवसाला प्रति किलो 1.2 युनिट किंवा त्याहून जास्तही लागू शकतं. वाढ पूर्ण झाली की गरज उतरते, नेमकी 17 ते 20 च्या सुमाराला, म्हणजे डॉक्टर बदलतात तेव्हाच. जुनाच डोस चालू राहिला तर पहाटे शुगर वारंवार लो होते. सकाळी डोकं दुखणं, घामाने भिजलेली उशी, या खुणा दिसल्या तर पहाटे 3 ची शुगर बघा.

रेवाची_आई

दोघांचेही मनापासून आभार. एकच शंका. ती डॉक्टरांना एकटी भेटायला लागली तर आत काय बोलणं झालं ते मला कळणार कसं? डॉक्टर मला सांगतील का?

समुपदेशन_कक्ष

सगळं सांगणार नाहीत, आणि ते तिच्या भल्याचंच आहे. सुरुवातीला भेटीतली पहिली दहा मिनिटं ती एकटी, मग तुम्ही आत, असं ठेवा. आत जाण्याआधी तिला तीन वाक्यं तयार करायला सांगा: मला काय आजार आहे, मी काय घेते, आज मला काय विचारायचंय. पहिल्या दोन-तीन भेटींत ती गप्प बसेल. तुम्ही दारातून उत्तर देऊ नका.

गोपनीयतेची हद्द डॉक्टरांनी तुम्हा दोघींसमोर पहिल्याच दिवशी सांगावी. जिवाला धोका असेल, कोणी तिचं शोषण करत असेल, तर ते दडवलं जाणार नाही. बाकीचं तिचं राहील. ही हद्द आधी कळली तरच ज्या गोष्टींनी खरं नुकसान होतं त्या बाहेर येतात. दारू, उदाहरणार्थ. ती घेतल्यावर यकृत ग्लुकोज सोडायचं काम मागे टाकतं, शुगर काही तासांनी, बहुधा झोपेत, उतरते, आणि ग्लुकॅगॉनचं (शुगर चढवणारं) इंजेक्शनही तेव्हा नीट लागू पडत नाही. गर्भनिरोधनाचंही तसंच. आईसमोर हे कोण विचारेल?

मुलींच्या बाबतीत मी मुद्दाम विचारते ते म्हणजे वजन कमी करायला इन्सुलिन टाळणं. एचबीएवनसी चढतोय, वजन उतरतंय, नोंदींची वही "हरवलीय", कीटोन पुन्हापुन्हा येताहेत, हे एकत्र दिसलं तर ओरडून उपयोग नाही. खाण्याच्या विकारांची माहिती असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना त्याच आठवड्यात गाठा. रोज मोजून मोजून येणारा थकवा वेगळा आणि नैराश्य वेगळं, तेही तेच तपासतील.

दीर्घ_आजार_नोंदी

इतर आजारांचे पालकही हा धागा वाचतील म्हणून थोडं जोडतो.

अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) मुलींना व्हॅल्प्रोएट हे औषध चालू असेल तर या बदलाआधीच डॉक्टरांशी बोला. गरोदरपणी ते चालू असेल तर 100 पैकी साधारण 10 बाळांत जन्मजात व्यंग आणि 30 ते 40 मुलांत वाढीच्या अडचणी दिसतात. मात्र कोणतंही फिटचं औषध स्वतःहून बंद करायचं नाही. लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधावर इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी सुरू केली तर रक्तातलं लॅमोट्रिजिन निम्म्यापर्यंत उतरू शकतं. कार्बमॅझेपिन हे फिटचं औषध उलट गोळीचाच परिणाम कमी करतं.

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांत 17 ते 24 हा काळ रोपण निकामी होण्याच्या दृष्टीने सर्वात धोक्याचा. टॅक्रोलिमसची (शरीराने रोपण नाकारू नये म्हणूनचं औषध) पातळी तपासायला जाताना सकाळचा डोस रक्त दिल्यावर घ्यायचा. आधी घेतला तर आकडा खोटा वर येतो आणि नवे डॉक्टर डोस कमी करून बसतात. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल पातळी चढवतात, रिफॅम्पिसिन पाडतं, आयब्युप्रोफेन मूत्रपिंडाला घातक. अशा औषधांची यादी मुलाच्या पाकिटात हवी.

जन्मजात हृदयविकाराचं ऑपरेशन लहानपणी झालं की "बरं झालं" म्हणून फॉलो-अप सुटतो. फॅलो (टेट्रालॉजी ऑफ फॅलो) या जन्मजात दोषाच्या दुरुस्तीनंतर फुप्फुसाकडची झडप गळत राहते आणि त्रास अनेक वर्षांनी दिसतो, म्हणून तपासण्या आयुष्यभर. ऑपरेशनची मूळ नोंद स्कॅन करून ठेवा, ती पुन्हा मिळवणं फार कठीण जातं.

बौद्धिक अक्षमता असेल तर संमती कोण देणार हा कायद्याचा प्रश्न, बहुतेक ठिकाणी 18 व्या वर्षी, उभा राहतो. पालकत्वाचा अर्ज वर्षभर आधी सुरू करा.

किशोर_ओपीडी

वयाबद्दल राहिलं होतं. 18 हा विभागाचा नियम असला तरी आजार भडकलेला असताना, मोठ्या परीक्षेच्या महिन्यात किंवा ती घर सोडून दुसऱ्या गावी शिकायला जाते त्याच आठवड्यात बदल करू नये. लेखी विनंती केली तर काही महिन्यांची मुदत बहुतेक विभाग देतात. गाव बदलणार असेल तर नवा विभाग त्या गावातला बघा.

आणि पहिली भेट चुकलीच तर तिला बोल लावण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी तिने स्वतः फोन करून पुढची तारीख घ्यायची, जुन्या विभागाला कळवायचं आणि चिठ्ठी तोवर पुरेल का ते बघायचं. पुरत नसेल तर जुन्याच डॉक्टरांकडून मधल्या काळाची चिठ्ठी मागा.