घरी येऊन बोटॉक्स आणि फिलर देणाऱ्यांकडून इंजेक्शन घ्यावे का?

निशिगंधा:
माझ्या परिचयातील एक बाई सौंदर्योपचारांचे प्रशिक्षण घेतल्याचे सांगतात आणि घरी येऊन सुरकुत्या कमी करण्यासाठी कपाळावर बोटॉक्स व ओठ भरदार दिसण्यासाठी त्यांत फिलर देतात. ओळखीतल्या दोघीतिघींनी त्यांच्याकडून उपचार करून घेतले असून कोणालाही त्रास झालेला नाही. सुई अगदी बारीक असते आणि काम थोड्या वेळात उरकते. मग दवाखान्यातच जावे हा आग्रह कशासाठी? खोली स्वच्छ ठेवली, तर धोका नेमका कोणता उरतो?

मीनाक्षी (त्वचारोगतज्ज्ञ):
आपण दोन्ही उपचारांचा उल्लेख एका दमात केला आहे, परंतु त्यांचे धोके वेगळे आहेत. बोटॉक्स स्नायूंना तात्पुरते शिथिल करते. प्रमाण किंवा जागा चुकली तर पापणी खाली येऊ शकते आणि ती पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात.

फिलरबाबत मात्र मला खरी काळजी वाटते. हा जेलसारखा पदार्थ चुकून धमनीत गेला, तर त्या धमनीवर अवलंबून असलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा बंद पडतो. त्वचा पांढरी पडणे, तिच्यावर जाळीदार निळसर डाग उमटणे आणि वेदना वाढत जाणे ही त्याची लक्षणे आहेत, मात्र वेदना प्रत्येक वेळी होतेच असे नाही. नाक आणि भुवयांमधील भागातील रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असल्यामुळे तेथे दिलेल्या फिलरने कायमचे अंधत्व आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. फिलर हायल्युरॉनिक आम्लाचे असेल, तर ते विरघळवणारे हायल्युरोनिडेज हे औषध तातडीने द्यावे लागते. ते जवळ असणे, किती द्यायचे हे माहीत असणे आणि त्याचीच अ‍ॅलर्जी उद्भवली तर ती सांभाळता येणे, या तिन्ही गोष्टी लागतात. खोली कितीही स्वच्छ असली तरी यातले काहीच त्यातून मिळत नाही.

तटस्थ:
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु दवाखान्याची पाटी पाहून निर्धास्त होणेही योग्य नाही. अपात्र व्यक्ती दवाखान्यातही काम करताना आढळतात, आणि पात्र डॉक्टरने मूळ बाटली शीतपेटीतून आणून घरी केवळ कपाळावर बोटॉक्स दिले, तर मी त्याला सरसकट बेजबाबदार म्हणणार नाही. मात्र २०२४ साली अमेरिकेत बनावट किंवा चुकीच्या रीतीने दिलेल्या बोटॉक्समुळे ११ राज्यांतील २२ जणींना त्रास झाल्याची नोंद तेथील रोग नियंत्रण केंद्राने एप्रिलमध्ये जाहीर केली. त्या सर्वांनी इंजेक्शने अप्रशिक्षित किंवा परवाना नसलेल्या व्यक्तींकडून, अथवा घर किंवा स्पा अशा ठिकाणी घेतली होती, आणि काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. ओळखीतल्या दोघीतिघींना त्रास झाला नाही, यावरून पुढच्या बाटलीत काय आहे ते कळत नाही.

निशिगंधा:
धन्यवाद. त्या बाई बोटॉक्स सिरिंजमध्ये आधीच भरून आणतात. हे नेहमीचेच आहे का?

मीनाक्षी (त्वचारोगतज्ज्ञ):
नाही, आणि माझ्या मते एवढ्यावरूनच नकार द्यावा. बोटॉक्स बाटलीत कोरड्या भुकटीच्या रूपात येते, ती साधारण २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असते आणि निर्जंतुक सलाइनमध्ये मिसळून मगच सिरिंजमध्ये घ्यायची असते. आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये कोणते औषध आहे, किती सलाइन मिसळले आहे आणि ते कधी तयार केले, हे आपल्याला तपासता येणार नाही. फिलर कारखान्यातूनच सिरिंजमध्ये भरून येते, पण त्याचे मोहोरबंद खोके तुमच्यासमोर उघडले गेले पाहिजे आणि त्यावरील बॅच क्रमांक तुम्हाला लिहून मिळाला पाहिजे. ज्यांनी त्यांच्याकडून अलीकडेच बोटॉक्स घेतले आहे, त्यांना येत्या काही आठवड्यांत गिळताना किंवा बोलताना अडचण, एकाऐवजी दोन प्रतिमा दिसणे किंवा श्वास घेण्यास त्रास जाणवला, तर त्यांनी त्या बाईंच्या फोनची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.