पन्नाशीत डर्ट बाईक शिकायची तर वावरात की मुरमावर?

धुरेकरी:
पऱ्हाटी (कपाशीची झाडं) निघालेलं, नांगरलेलं वावर. दुसरं काही नको. ढेकळात पहिल्या गिअरवर गाडीचा वेग आपोआप आवरतो अन् पडलं तर ढेकूळ फुटते, हाड नाही. पायदानावर उभं राहा, गुडघ्यांनी टाकी दाबा, कोपरं बाहेर, क्लचवर दोन बोटं, नजर वीस-पंचवीस फूट पुढे. पुढचं चाक डगमगणारच. हँडल आवळून धरलं तर जास्तच डगमगते. घाबरून थ्रॉटल सोडला की भार पुढे येतो अन् चाक रुतते, म्हणून थ्रॉटल एकसारखा ठेवायचा.

मुरूमवाला:
काऊन भाऊ, खुंट दिसत नाहीत का? पऱ्हाटी विळ्यानं कापली असली तर चार-सहा इंचाचे तिरपे खुंट राहतात. पडणाऱ्याच्या पोटरीत घुसायला तेवढे पुरेत. चिमट्यानं उपटलेलं वावर असेल तरच बोला. दुसरं, ढेकळात गाडी ओढत नाही म्हणून नवखा माणूस क्लच अर्धा दाबून रेस देतो. प्लेटा जळतात, अंदाज काही येत नाही. त्यापेक्षा पक्क्या मुरमावर दहा पावलांवर दोन विटा मांडा अन् आठचा आकडा काढा, आधी बसून, मग उभ्यानं. वळताना गाडी कलवा, अंग सरळ ठेवा, भार बाहेरच्या पायदानावर. मग मागचा ब्रेक मुद्दाम लॉक करून चाक घसरू द्या. ती भीती गेल्यावरच पुढचा ब्रेक, तोही एका बोटानं.

धुरेकरी:
खुंटांचं मान्य. पण मुरमावरचे सुटे खडे म्हणजे कंचेच. आठच्या वळणात पुढचं चाक निसटलं की माणूस हात टेकवतो, अन् या वयात पहिलं मनगट जाते.

पांदणरस्ता:
मातीवर भांडून राहिले, वजनाचं कोणीच बोलत नाही. हीरोची एक्सपल्स 200 4व्ही ही गाडी दीडशे किलोच्या वर आणि सीट 825 मिमी. साडेपाच फुटांच्या माणसाच्या टाचा टेकत नाहीत. मग तो पाय खाली सोडून तोल सावरायला जातो आणि गुडघा पिळतो. पाय पायदानावरच ठेवा, गाडी पडू द्या. उचलताना आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर गिअरमध्ये टाका, साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे पडणार नाही. सीटला पाठ लावून बसा, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं मागची पकड धरा आणि मांड्यांच्या जोरावर मागे पावलं टाकत उठा. कंबर वाकवून उचलली तर दुसऱ्या दिवशी अंथरुणातच. तासाभरात दहा वेळा उचलणं झेपत नसेल त्यानं हलकी गाडी शोधावी, मग मुरूम-वावर ठरवावं.

हवा 18-20 पीएसआय. त्याहून कमी केली तर दगडावर रिम आणि टायरमध्ये ट्यूब चिमटून एकदम दोन भोकं पडतात. बाभळीचे काटे आहेतच, जास्तीची ट्यूब जवळ असू द्या.

गोळीऔषध:
रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. हेल्मेट असूनही डोक्याला मार बसला तर आतला रक्तस्राव लवकर थांबत नाही. पाळी गेलेल्या बायकांनी हाडांची तपासणी करून घ्यावी. आणि गमबुटानं घोटा वाचत नाही, कडक मोटोक्रॉस बूटच हवा.

मुरूमवाला:
बूट घेऊ, पण मृगाच्या पावसानंतर काय? काळी माती मडगार्डात गच्च बसून चाकच फिरत नाही. तेव्हा वावरवाले मुरमावरच येतील.

धुरेकरी:
येऊ. फळकुटानं माती खरवडून झाली की.