लॉगलाइनमध्ये किती सांगायचं? नेमकं लिहा विरुद्ध मोघम ठेवा

तर्री_कमी
सिनेमाच्या कल्पनेची लॉगलाइन, म्हणजे निर्मात्याला पाठवायचा एक-दोन वाक्यांतला गाभा, म्हणून आपल्या नागपूरकडचे लोक हमखास लिहितात: "नागपूरच्या एका तरुणाच्या संघर्षाची, प्रेमाची आणि अनपेक्षित वळणांची हृदयस्पर्शी कहाणी." नागपूर काढून नाशिक टाका, काही हलत नाही. वळण कोणतं ते सांगितलेलं नाही, आणि हृदयस्पर्शी आहे की नाही ते प्रेक्षक ठरवेल.

माझं मत, नेमकं लिहा. एक वाक्य, फार तर दोन, 25-30 शब्द. पात्राचं नाव नको, त्याचा धंदा आणि एक खोड द्या. काय घडलं, त्याला आता काय करायचंय, कोण आडवं येतं आणि कधीपर्यंत, एवढं आलं की झालं. शेवट सांगू नका. "तो जिंकेल का?" असा प्रश्नही नको, ते पोस्टरवर शोभतं.

नमुना: "मारबतीच्या आदल्या रात्री मुलाला पोलिसांनी उचलल्यावर, चितारओळीतल्या रिटायर मूर्तिकाराला सकाळपर्यंत त्याचा अर्धवट बडग्या पुरा करायचाय, पण बडग्या ज्या नगरसेवकाचा आहे, त्याच्याच फोनवर मुलाची सुटका अडलीय." (मारबत म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मिरवणूक, आणि बडग्या म्हणजे तिच्यात ज्याच्यावर राग आहे त्याची खिल्ली उडवणारा पुतळा.)

बर्डीवाला
आणि ही कल्पना उद्या दुसऱ्याने उचलली तर? काहून सगळं उघडं करून ठेवायचं, भाऊ? मोघम लिहा, भेट ठरली की तोंडी सांगा.

तर्री_कमी
मोघम लिहिलं तर भेटच ठरत नाही. आणि मोघम ठेवून कल्पना सुरक्षित होते हा गैरसमज आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात 1978 मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रीतीने मांडली त्या मांडणीवर असतो. म्हणून आधी सविस्तर सिनॉप्सिस, म्हणजे कथेचा सारांश, लिहा, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, मेलवर तारखेसकट पाठवल्याचा पुरावा ठेवा. मग लॉगलाइन बिनधास्त उघडी करा.

संत्राबर्फी
चोरीचं सोडा. माझा आक्षेप साच्यालाच आहे. नायक, ध्येय, अडथळा, मुदत: हे थरारपटाला ठीक. ज्या सिनेमात माणसं नुसती जगतात, त्याला घड्याळ लावलं की लॉगलाइन वेगळाच सिनेमा विकते. निर्माता थरार समजून पटकथा उघडतो आणि विसाव्या पानावर मिटतो.

तर्री_कमी
मुदत काढा, चालेल. ताण काढू नका. "काटोलच्या संत्रा उत्पादक कुटुंबाचं भावविश्व" म्हणजे काहीच नाही. त्याऐवजी: "डिंक्या रोग लागलेली बाग तोडायची की राखायची यावरून बोलणं टाकलेलं काटोलचं म्हातारं जोडपं, एकाच मोटरच्या पाण्यावर आपापली अर्धी बाग जगवू लागतं." यात घड्याळ नाही, खलनायक नाही. तरी डोळ्यांपुढे दृश्य येतं.

संत्राबर्फी
ही मान्य. जोडप्याचा हट्ट पाण्याच्या पाळीत दिसतो, म्हणून. पण "राखायची" असं ज्याचं म्हणणं आहे तो नवरा की बायको, हे कळलं तर आणखी धार येईल. साच्याबद्दलचं मत कायम आहे.

धरमपेठ_लोकल
मूर्तिकाराच्या लॉगलाइनला भोक आहे, बाप्पा. बडग्या पुरा नाही केला तर काय होतं? मुलगा सुटतो! मग म्हाताऱ्याने घरी जाऊन झोपावं. ध्येय आणि धोका उलट्या दिशेला ओढताहेत, आणि पात्राला सोपी वाट मोकळी आहे. लॉगलाइन नेमकी असली तरी इथे मार खाते, कारण वाचणारा पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो.

शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं. नायकाच्या आधी "उचललेल्या, सोडलेल्या, हरलेल्या" अशी रांग लागली की वाचणारा माणसापर्यंत पोचतच नाही. एका नामामागे असं एकच विशेषण ठेवा, फार तर दोन. मोठ्याने वाचा, मध्येच श्वास घ्यावा लागला तर वाक्य तोडा.

तर्री_कमी
भोक खरं आहे. सोपी वाट मुलाकडूनच बंद करावी लागेल: "बडग्या बनवला म्हणून कोठडीत गेलेला मुलगा माफीनामा द्यायला तयार नाही, नगरसेवकाच्या मेहेरबानीवर दुकान चालवणाऱ्या त्याच्या बापाला मारबतीच्या सकाळपर्यंत त्याच नगरसेवकाचा बडग्या पुरा करायचाय."

धरमपेठ_लोकल
आता बरं. बापाचं दुकानही पणाला लागलं. पण "करायचाय" अजून कच्चं आहे. कोणी सांगितलं त्याला? मुलाने तशी अट घातली की बापानेच ठरवलं? दोन वेगळे सिनेमे आहेत.

बर्डीवाला
बापानेच ठरवलं असेल तर मी तिकीट काढतो. नोंदणी मात्र आधी करा.