मदत हवी आहे: मुलीला इसब आणि दमा, होमिओपॅथी सुरू करताना पंप बंद करायचा का?

नमस्कार मंडळी,

मुलगी ७ वर्षांची आहे. तान्ही असताना गालांवर इसब होतं, मग ते कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या लवणीत आलं, आणि शाळेत जायला लागल्यापासून शिंका, नाक गळणं, साधी सर्दी झाली तरी छातीत शिट्टी वाजायला लागते. लहान मुलांच्या डॉक्टरांनी दमाच आहे असं स्पष्ट सांगून बुडेसोनाइडचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून रोज घ्यायला सांगितलाय, धाप लागली तर सालब्युटामॉलचा वेगळा पंप, अंगाला भरपूर मॉइश्चरायझर आणि इसब भडकलं की तेवढ्यापुरतं स्टेरॉइडचं मलम. फरक आहे, नाही असं नाही, रात्रीचा खोकला तर जवळजवळ गेलाच, पण खाज काही पाठ सोडत नाही. नखं कितीही बारीक कापली तरी सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात, आणि दिवसभर तळहाताने नाकाचा शेंडा वर ढकलत असते त्यामुळे नाकावर आडवी रेघ उमटलीये. बघवत नाही हो.

सासूबाईंच्या अंगावर मागे पित्ताच्या गांधी उठायच्या, त्या होमिओपॅथीने गेल्या असं त्यांचं ठाम म्हणणं आहे, म्हणून त्यांच्या आग्रहाखातर तिला एका होमिओपॅथ डॉक्टरांकडे नेलं. खरं सांगायचं तर मला ते आवडले. तहान किती लागते, घाम कुठे येतो, झोपेत पांघरूण लाथाडते का, अंधाराची भीती वाटते का, खाज उबेने वाढते की गारव्याने, सगळं शांतपणे विचारलं. इतकं ऐकून घेणारं आत्तापर्यंत कोणी भेटलं नव्हतं, ते मी मनापासून मानते. इसबातून चिकट पाणी येतं म्हणून ग्राफायटीस दिलंय, आणि पुढे सल्फर २०० देऊ म्हणाले.

पण निघताना ते म्हणाले की मलम लावून लावून आजार आत दाबला गेला आणि म्हणूनच तो छातीत उतरला, आता आमच्या औषधाने आधी छाती सुटेल, मग त्वचेवर जोरात बाहेर पडेल, तेव्हा घाबरू नका ती चांगली खूण आहे. आणि त्यासाठी पंप आणि मलम दोन्ही लगेच बंद करा नाहीतर गोळ्या लागू पडणार नाहीत.

इथेच माझं पाऊल अडलंय. गोळ्या द्यायला माझी हरकत नाही पण पंप बंद करायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. त्वचेचं दाबलं की छातीत जातं हे खरंच असं असतं का? कारण क्रम तर तसाच दिसतोय ना, आधी त्वचा मग नाक मग छाती, त्यामुळे ऐकताना पटतं. कोणाच्या मुलांना इसब आणि दमा दोन्हीसाठी होमिओपॅथी दिली असेल तर पंप चालू ठेवून दिली का? आणि "बाहेर पडतंय" आणि "वाढतंय" ह्यातला फरक घरी बसून आईबापाने कसा ओळखायचा? जाणकारांनी प्लीज लवकर सांगा, घरात रोज ह्यावरूनच चर्चा चालू आहे.

---

प्रतिसाद:

ताई, मी स्वतः ॲलर्जीच्या सर्दीसाठी बरीच वर्षं होमिओपॅथी घेते. ॲलियम सेपा, सबाडिला, नॅट्रम मूर असं लक्षणं बघून देतात आणि मला बरं वाटतं, कोणी काही म्हणो. पण माझ्या मुलाला दमा आहे आणि आमच्याच होमिओपॅथ डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं की पंपाला हात लावायचा नाही, तो कमी करायचा तर छातीचे डॉक्टर ठरवतील. तेव्हा सगळेच बंद करायला सांगतात असं अजिबात नाही. जे सांगतात त्यांना स्पष्ट नाही म्हणा.

---

प्रतिसाद:

दम्याच्या रुग्णांसोबत माझं रोजचं काम आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही जो क्रम सांगितलात तो अगदी बरोबर आहे आणि तो खूप मुलांमध्ये दिसतो. आधी इसब, मग ॲलर्जीची सर्दी, मग दमा. ह्याला ॲटोपिक मार्च म्हणतात. पण ज्यांना कधीच स्टेरॉइडचं मलम लावलेलं नाही अशाही मुलांमध्ये हाच क्रम दिसतो. ह्या मुलांच्या त्वचेची संरक्षक भिंतच कच्ची असते, काहींमध्ये फिलाग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी असतं, त्यामुळे त्वचेतून पाणी उडून जातं आणि धुळीतल्या किड्यांचे कण वगैरे आत शिरतात. शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं, तयार करतं, आणि पुढे तेच कण नाकात छातीत गेले की प्रतिक्रिया येते. म्हणजे त्वचा उघडी आणि सुजलेली राहणं हीच काळजीची गोष्ट, मलमाने ती बंद होणं नव्हे. आजार बाहेर येतो तेव्हा बरा होत असतो हा विचार एकोणिसाव्या शतकातले होमिओपॅथ हेरिंग यांच्या नावाने ओळखला जातो, तेव्हा आयजीई हा शब्दही नव्हता, तो १९६० च्या दशकात सापडला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मलम अचानक बंद केलं की इसब बहुतेक वेळा भडकतंच. म्हणजे होमिओपॅथ डॉक्टरांनी त्वचेबद्दल जे भाकीत केलंय ते गोळ्या न देताही खरं ठरेल, आणि तुम्हाला वाटेल औषध लागू पडलं. पंपाचं त्याहून फसवं आहे. बुडेसोनाइडचा परिणाम बंद केल्याबरोबर संपत नाही, श्वासनलिकेची सूज हळूहळू परत येते, त्यामुळे सुरुवातीला "बघा, पंपाशिवाय छान चाललंय" असं वाटतं आणि मग एखादी साधी व्हायरल सर्दी होते आणि मूल रात्री अटॅकमध्ये जातं. असे पेशंट मी पाहिलेत म्हणून इतकं कळकळीने लिहितेय.

पुराव्याचं म्हणाल तर दम्यासाठी नीट चाचण्या झालेल्या आहेत. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या २४२ दमेकऱ्यांवरची आली आणि २००३ मध्ये थोरॅक्स ह्या छातीच्या आजारांच्या जर्नलमध्ये ९६ मुलांवरची, ह्या दुसरीत तर प्रत्येक मुलाला होमिओपॅथने स्वतंत्र तपासून औषध दिलं होतं आणि नेहमीचे उपचार चालूच ठेवले होते. दोन्हीत खऱ्या गोळ्या आणि नुसत्या गोड गोळ्या ह्यांत औषधाच्या बाजूने म्हणावा असा फरक निघाला नाही. तुम्हाला सांगितलेल्या सल्फर २०० मधलं २०० सी म्हणजे शंभरात एक असं दोनशे वेळा पातळ केलेलं, साधारण १२ सी च्या पुढेच मूळ पदार्थाचा कण उरण्याची शक्यता संपते. सासूबाईंच्या गांधींबद्दल, पित्ताच्या गांधी बऱ्याच जणांच्या काही आठवड्यांत आपोआप जातात, लांबलेल्यासुद्धा पुष्कळदा काही काळाने थांबतात. त्यांना बरं वाटलं ते खोटं नाही, श्रेय कोणाला द्यायचं एवढाच प्रश्न.

गोळ्या चालू ठेवायच्या तर ठेवा, पण नाव न लिहिलेल्या पुड्या किंवा बिनलेबलची मलमं अजिबात घेऊ नका, अशा "नैसर्गिक" मलमांत गुपचूप स्टेरॉइड घातलेलं तपासणीत सापडलेलं आहे.

घरी ओळखायचं म्हणजे: श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा सालब्युटामॉलने आराम पडत नाही, तर कुठलीही खूण-बिण नाही, सालब्युटामॉल देत देत सरळ हॉस्पिटल. आणि त्वचेवर पिवळ्या खपल्या, पू, ताप आला तर ते इन्फेक्शन आहे, "बाहेर पडणं" नाही.

---

धागाकर्ती:

दोघींचेही खूप खूप आभार. मलम बंद केलं की भडकणारच हे वाचून मी नवऱ्याला लगेच वाचायला दिलं, तोही म्हणाला मग हे आधीच का नाही कोणी सांगितलं. पंप चालूच राहणार, ते आता पक्कं. सासूबाईंना दुखवायचं नाहीये त्यामुळे गोळ्या चालू ठेवते आणि त्या डॉक्टरांना फोन करून पंप बंद करणार नाही हे सांगते, त्यांना चालणार नसेल तर थांबवू.

आता अजून एक विचारायचंय. मलम किती लावायचं ह्याचा अंदाजच येत नाही, भीतीने आम्ही इतकं पातळ लावतो की लावलं न लावलं सारखंच. काही माप असतं का?

---

प्रतिसाद:

असतं ना. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढा. तेवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला, बोटं धरून, पुरतं. म्हणजे तिच्या दोन्ही कोपरांच्या लवणींना मिळून त्याहून कमीच लागेल. भडकलेल्या भागावरच, डॉक्टरांनी सांगितलंय तितके दिवस, आणि मॉइश्चरायझर मात्र वेगळ्या वेळी सगळ्या अंगाला, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या, रोज काय, सर्दी झाली की काय वाढवायचं, कधी धावायचं. तो कागद शाळेतही देऊन ठेवा.

---

धागाकर्ती:

लिहून घेते. शाळेत सालब्युटामॉल आणि स्पेसर दोन्ही ठेवावं लागेल ना? शाळेतल्या बाईंना कसं वापरायचं ते कोणी शिकवलंय का, तुम्ही लोकांनी कसं केलंत?