अनुभव धागा: १९ वर्षं वाट बघितलेला ‘इंडियाना जोन्स’ थेटरात कसा वाटला, घरी डिस्कवर कसा?

मंडळी, इंडियाना जोन्स, म्हणजे आपला साहसी पुरातत्त्व-प्राध्यापक इंडी, याच्या चौथ्या भागाबद्दल लिहूया. ‘लास्ट क्रुसेड’ १९८९ चा, आणि ‘किंग्डम ऑफ द क्रिस्टल स्कल’ आला २००८ च्या मे महिन्यात. मधल्या काळात आपण पहिल्या तिन्ही भागांची पारायणं केली. त्याच ऑक्टोबरात डीव्हीडी आणि ब्लू-रे निघाली, पण तोवर कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर ‘पिक्चर फसला’ असा निकाल लागून गेला होता.

मला तो निकाल घाईचा वाटतो. डिस्कवर बघताना पहिला पाऊण तास जुन्या भागांच्या तोडीचा आहे. हिरोची एन्ट्रीच बघा. गाडीच्या डिकीतून ओढून त्याला खाली टाकतात, टोपी धुळीत पडलेली. तो ती उचलतो, आणि आपल्याला दिसते गाडीच्या पत्र्यावर टोपी घालणारी सावली. चेहरा त्यानंतर. इंडी फ्रिजमध्ये लपून अणुस्फोटातून वाचतो त्याला सगळे हसतात, पण त्याआधीचं अणुचाचणीसाठी उभारलेलं खोटं गाव, टीव्हीसमोर बसवलेले पुतळे, भोंगा वाजल्यावर इंडीच्या तोंडावर येणारी समज, हे स्पीलबर्गचंच काम. इंडीचा पोरगा मट माकडांबरोबर वेलींना लोंबकळत जातो ते मात्र घरी बघताना जास्तच खटकतं. थेटरात काय वाटलं, घरी काय दिसलं, सविस्तर लिहा.

उद्यमनगर

साउंडचा धंदा आहे, गणपतीत डॉल्बी लावतो. त्यामुळं पिक्चर मी आधी कानानं बघतो. ज्या थेटरात बघितला तिथं मागचे स्पीकर मुकेच होते. सगळा आवाज पडद्यामागनं, एका ढिगात. पुढं घरच्या ५.१ वर (पाच स्पीकर आणि एक बासचा) ब्लू-रे लावली तेव्हा कळलं काय काय हुकलं होतं. मोटरसायकल कॉलेजच्या लायब्ररीत शिरते तिथं आवाजाची खोलीच बदलते, बाहेरचा मोकळा आवाज एकदम छताला लागून घुमतो. हे काम बेन बर्ट यांचं. पहिल्या भागात इंडीच्या मागं लागलेल्या त्या धोंड्याचा गडगडाट त्यांनी खडीच्या उतारावरनं इंजिन बंद करून सोडलेल्या होंडा सिव्हिकचा घेतला होता. असलं डोकं लावणाऱ्या माणसाचं काम आपण फाटक्या स्पीकरवर ऐकून पिक्चर पडला म्हणायचं, हे मला पटत नाही.

शिवाजी पेठ

मी इतिहास शिकवते, माझी तक्रार पटकथेवर आहे. पेरूमध्ये इंडीला केचुआ भाषा येते, आणि कारण काय, तर लहानपणी क्रांतिकारक पांचो व्हियाबरोबर होता! व्हिया मेक्सिकोचा, केचुआ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजची. जी मालिका एका प्राध्यापकावर उभी आहे तिनं एवढं तरी बघायचं होतं. स्फटिकाच्या कवट्यांचंही तसंच. ब्रिटिश म्युझियममधली कवटी फिरत्या चाकाच्या हत्यारांनी घडवलेली, एकोणिसाव्या शतकातली निघाली, हे तपासणीत सिद्ध झालंय.

तरीही वर्गात मी याच पिक्चरवरून विषय काढते, कारण पोरं ऐकतात. मग त्यांना टाऊन हॉल म्युझियमला नेते. आपल्या पंचगंगेकाठी, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती तिथं आहे. वीतभरही नसेल, पण भूमध्य समुद्राकडचा देव कोल्हापुरात कसा आला हे विचारलं की अख्खा वर्ग गप्प होऊन विचार करायला लागतो. पुढं पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. इंडीसारखा चाबूक नव्हता त्यांच्याकडं, खुरपी आणि ब्रश होते.

राजारामपुरी

बाई, लई छान लिहिलंत. माझं थोडक्यात: पहिल्या भागातली इंडीची प्रेयसी मॅरियन परत आली, तेवढ्यावर माझे पैसे वसूल. कॅरन अ‍ॅलन १९८१ नंतर थेट यात. ट्रकमध्ये दोघं भांडतात तो सीन मी आणि आमचे हे अजूनही लावून बघतो.

शाहूपुरी

डिस्क घेणाऱ्यांसाठी एक सांगतो. भावानं अमेरिकेतून दोन डिस्कची डीव्हीडी पाठवली होती. इथं लावली तर प्लेअर ‘चुकीचा रीजन’ म्हणून थांबला. डीव्हीडीला जगाच्या भागानुसार रीजनचा आकडा असतो: अमेरिका १, आपण ५. जुन्या सेटमधली डीव्हीडी कुणाकडून घेत असाल तर पाठीमागचा पृथ्वीच्या गोळ्यातला आकडा आधी बघा. आणि जोडीची दुसरी डिस्क टाळू नका, शूटिंगचा सगळा खटाटोप तिच्यात आहे. हॅरिसन फोर्ड यांनी या शूटिंगच्या दरम्यान पासष्टी गाठली, हे लक्षात ठेवून ते बघा.

मंगळवार पेठ

वडील जयप्रभा स्टुडिओत लाईटमन होते, त्यामुळं उजेड कुठनं येतोय हे बघायची सवय लागली. पहिले तीन भाग डग्लस स्लोकोम्ब यांनी टिपले, चौथा यानुश कमिन्स्कीनं. स्लोकोम्ब यांच्या चित्रात ऊन कडक आणि सावली काळीभोर. कमिन्स्कीच्या चित्रात कडा दुधाळ होतात, केसांभोवती प्रभा येते. थेटरात हे पडद्याच्या मळकटपणात दडून गेलं. ब्लू-रेच्या १०८० रेषांत जंगलातला पाठलाग लावा: माणसं एका उजेडात, मागची झाडं दुसऱ्याच. जीपवरून जीपवर उड्या मारणाऱ्या माणसांचा धोका मनाला लागत नाही तो यामुळं. पटकथेआधी मी इथं बोट ठेवीन.

कळंबा

मी बहुतेक इथला सर्वांत लहान. आधी डिस्कच पाहिली, वाट बघण्याचं ओझं नव्हतं. पिक्चरमधले परग्रहवासी मला अजिबात विचित्र वाटले नाहीत. गोष्ट १९५७ ची आहे, आणि त्या काळच्या अमेरिकन स्वस्त पिक्चरांत उडत्या तबकड्याच असायच्या. जुने भाग १९३० च्या दशकातल्या साहसी मालिकांवर बेतले होते, हा त्याच्या पुढच्या काळावर. हिशोब सरळ आहे.

२०२३ चा पाचवा बघितल्यावर तर चौथ्याची किंमत वाढली. चौथ्याच्या शेवटी लग्नात टोपी घरंगळत मटच्या पायाशी येते, तो डोक्यावर घालणार इतक्यात इंडी ती काढून घेतो. बापलेकांची केवढी गोष्ट शिल्लक होती तिथं! पाचव्यात कळतं की मट व्हिएतनाममध्ये मारला गेला. मट झालेला शाया लबफ कुणाला आवडो न आवडो, त्या पोराला पडद्यावर एक नीट निरोप तरी द्यायला हवा होता.